लाव्हाच्या कातळातलं गोल्फ: एका सीझननंतर

एप्रिल ते ऑक्टोबर, एकूण चौदा राऊंड. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात हिल्सबरोहून माउंट हूड डोंगर ओलांडून बेंड गावच्या एका रिसॉर्टच्या गोल्फ कोर्सवर जायला साडेतीन तास. वाटेत ओरेगनचं दाट जंगल बघता बघता विरळ होतं आणि उरतो सेजब्रश, वाकडेतिकडे जुनिपर आणि काळा दगड. पाऊस कॅस्केड पर्वतरांग अडवते. बेंडला वर्षाकाठी जेमतेम 11-12 इंच. रिसॉर्टचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रारीही आहेत.

इथं फेअरवे, म्हणजे खेळायचा कापीव गवताचा पट्टा, हिरवागार, आणि स्प्रिंकलरचं पाणी संपतं तिथून थेट कातळ. मी वेताळ टेकडीवर वाढलेला पुणेकर, बेसाल्टचं मला काय कौतुक! पण आपला दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षं ऊनपाऊस खाऊन निवलेला. हा न्यूबेरी ज्वालामुखीचा, त्यामानाने कालपरवाचा. भोकाभोकांचा, किसणीसारखा. त्यावर आपटलेला चेंडू कुठं जाईल याचा नेम नाही. माझा एकदा उसळून चक्क ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, आला. त्या एका चेंडूच्या भरवशावर पुढे डझनभर घालवले.

मे महिन्यात दोन दगडांच्या बेचक्यातून मारायचा शहाणपणा केला. वेजच्या (चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबच्या) तळाला चरे पडले, मनगट आठवडाभर दुखलं. तेव्हापासून दंडाचा एक स्ट्रोक निमूट घेतो आणि चेंडू दोन क्लब लांबीच्या आत दुसरीकडे टाकतो. तिथंही कधीकधी कातळच असतो, म्हणून आता लांब मारायचा ड्रायव्हर बॅगेतच ठेवून आटोक्यात राहणाऱ्या हायब्रिड क्लबनं मारतो. स्कोअर सहा-सात स्ट्रोकनं उतरला, म्हणजे सुधारला.

उंची साधारण 3,600 फूट. हवा विरळ, त्यामुळे दीडशे यार्डांचा शॉट पाच-सहा यार्ड जास्त जातो. पण हे दुपारचं. सकाळी थंडीत तो फायदा कुठल्या कुठे जातो. जूनमध्येही एकदा ग्रीनवर हिमकण पडलेले, ते वितळेपर्यंत तासभर कॉफी पीत बसलो. दुपारी त्याच जागी ओठ फुटतात आणि ग्रिप हातात सुकून निसटते. लिप बाम आणि दोन लिटर पाणी घरूनच न्या, कारण वाटेत पाण्याची सोय फारच तुरळक.

आता तक्रारी. कार्ट सक्तीची, तिचे पैसे वेगळे. वीकेंडला जो तो दगडांत चेंडू शोधत बसतो, राऊंड पाच तासांच्या पुढे जातो आणि खेळ रेंगाळू नये म्हणून नेमलेला मार्शल लांबूनच हात हलवतो. ऑगस्टमध्ये वणव्याच्या धुरामुळे नवव्या होलला थांबलो, तर पैसे परत नाहीत, व्हाउचर! आणि त्याची मुदत त्याच सीझनपुरती.

एवढं असूनही संध्याकाळी थ्री सिस्टर्स शिखरांच्या बर्फावर ऊन उतरतं आणि कातळ जांभळट दिसायला लागतो, तेव्हा पुटिंगकडे लक्ष राहत नाही. बायको म्हणते, तसंही ते नसतंच.

ग्रीनची निगा उत्तम, चेंडू न अडखळता सरळ पळतो. नवशिक्यांनी मात्र आधी शहरातल्या साध्या कोर्सवर हात बसवावा. मी पुढच्या एप्रिलसाठी जुन्या चेंडूंची पिशवी भरून गॅरेजमध्ये ठेवली आहे, नवे कोरे इथं नेणार नाही.