कोयना आणि किल्लारी: हादरा एक, कारणं दोन
दोन्ही भूकंप पहाटेचे, दोन्ही सहाच्या वरच्या तीव्रतेचे, दोन्ही काळ्या कातळाच्या पठारावर. साम्य इथेच संपतं.

कोयनेत (११ डिसेंबर १९६७) जमिनीखालच्या खडकातली जुनी भेग आधीच ताणाखाली होती. कोयना धरणाच्या शिवाजीसागर तलावाचं पाणी फटींत झिरपलं, आतला दाब वाढला, भेगेची पकड सुटली. म्हणूनच आजही पावसाळ्यात तलाव भरला की तिथे बारीक धक्के वाढतात.

किल्लारीला (३० सप्टेंबर १९९३) असा धक्के वाढवणारा हंगाम नाही. भारतीय भूपट्ट, म्हणजे भारत ज्यावर आहे तो पृथ्वीच्या कवचाचा तुकडा, हिमालयाला रेटतो, तो ताण दख्खनच्या पोटात साठतो आणि कधीतरी सुटतो. हजारो माणसं गेली ती मात्र घरांमुळे: मातीत रचलेल्या रुंद दगडी भिंती, त्यांत आतली-बाहेरची बाजू बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत आणि वर धाब्याच्या मातीचा जड थर. भिंतीचे दोन पापुद्रे सुटले, छप्पर बसलं.