जुन्या रॅली जिप्सीचे ब्रेक पॅड: आठ महिने, तीन जोड आणि कन्नडचा घाट

माझी मारुती जिप्सी १९९० सालची, ९७० सीसीची. एका रॅलीवाल्याकडून घेतली, आतला रोल केज (गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) अजून तसाच आहे. पुढे डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती, तिला दोन बाजूंनी पॅड दाबतात), मागे ड्रम. राहायला चाळीसगावात, त्यामुळे रविवारी पाटणादेवी आणि महिन्यातून दोन-तीनदा कन्नड गावाकडे चढणारा घाट ठरलेला. नोव्हेंबरपासून पुढच्या चाकांना ब्रेक पॅडचे तीन जोड लावून झाले.

गाडी रॅलीची म्हणून पहिला जोड रेसिंगचाच घेतला, तिन्हींत सर्वांत महाग. डिसेंबरातली थंड सकाळ, पाटणादेवीचा रस्ता, वळणापलीकडे कपाशीने भरलेला ट्रॅक्टर. ब्रेक दाबला तर पेडल दगडासारखं, आणि गाडी आपली चाललीच. ट्रॉलीपासून हातभरावर थांबलो. बिघाड कसलाच नव्हता. रेसिंगचं मटेरियल तापल्यावरच पकड घेतं. ट्रॅकवर दर वळणाला ब्रेक लागतो म्हणून ते तापलेलं राहतं; आमच्याकडे पाच-सात किलोमीटर ब्रेकला पाय लागत नाही, मग ते तापणार कधी? वर डिस्कवर नखाला लागतील अशा रेघा पडल्या त्या वेगळ्याच.

दुसरा जोड मऊ, ऑर्गॅनिक, म्हणजे मुख्यतः तंतू आणि राळेचा. गावात झकास. मार्चच्या सुरुवातीला कन्नडहून उतरताना पुढे गाड्यांची रांग होती, पाय ब्रेकवरच. अर्ध्या घाटात जळका वास आला आणि पकड निसटली. पेडल मात्र कडकच होतं, म्हणजे पॅड तापून फेड झाले होते, त्यांची पकड गेली होती. पेडल स्पंजसारखं खाली गेलं असतं, तर ब्रेक ऑइल उकळलं असं समजलो असतो. (नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल निदान २३० अंशांपर्यंत टिकतं, पाणी धरलेलं १५५च्या आसपास उकळू शकतं. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलतो.) दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी पॅड काढून माझ्यासमोर धरला: "भो, हाऊ त आरसा हुई गया!" खरंच, पृष्ठभाग काचेसारखा चकाकत होता.

तिसरा जोड सेमी-मेटॅलिक, म्हणजे धातू मिसळलेला, आणि या वेळी पॅडच्या कडेवरची अक्षरं वाचून घेतला. पहिलं अक्षर साधारण तापमानाची पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक (पकडीचा आकडा) ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याहून वर. माझ्या पॅडवर 'एफएफ' आहे. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, तर तो पॅड घाटासाठी घेऊ नका. पॅड किती टिकेल हे मात्र अक्षरांवरून कळत नाही, आणि ही चाचणी साधारण ३४० अंशांपर्यंतचीच, त्यामुळे ट्रॅकवर उतरणाऱ्याने तेवढ्यावर विसंबू नये.

बसवण्याआधी डिस्क लेथवर घासून घेतली. मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून पहाटे धुळे रस्त्यावर ६० वरून १० पर्यंत दहा वेळा वेग उतरवला, पूर्ण न थांबता, आणि नंतर ब्रेक न लावता गाडी थंड होऊ दिली. तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहू नका. मटेरियल एका जागी चिकटतं आणि पुढे पेडल थरथरत राहतं.

चार महिने झाले. मे महिन्यात पारा ४४ वर असताना दुसऱ्या गियरमध्ये घाट उतरलो, वाससुद्धा आला नाही. सकाळी पहिले दोन ब्रेक किंचाळतात, चाकं काळी होतात, ते मी चालवून घेतो. ती धूळ हवेने कधीच उडवू नका. जुन्या पॅडमध्ये आणि लायनरमध्ये (ड्रमच्या आतून घासणारं अस्तर) फुफ्फुसांना घातक असं ॲस्बेस्टॉस असू शकतं. माझे मागचे ड्रम अजून जुन्याच लायनरवर आहेत. पुढच्या महिन्यात ते उघडायचेत, मिस्त्रींना ओलं फडकं आणि मास्क आधीच देऊन ठेवलंय.