प्रायोजकाने जास्तीचे पैसे पाठवले आणि ते आम्ही आमच्या हाताने वाटले

आधी फसवणुकीत गेलेला आकडा सांगतो. ४,३९२ डॉलर.

जुन्या पल्प मासिकांच्या, म्हणजे स्वस्त कागदावर छापलेल्या कथा-मासिकांच्या, चाहत्यांचं एक छोटं वार्षिक संमेलन, अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं. तीनशे-साडेतीनशे माणसं, हॉटेलचा एक हॉल, विक्रेत्यांची नव्वद टेबलं, शनिवारी रात्री लिलाव. सगळा कारभार हौशी आणि खजिनदार मी. खात्यात ५,११७ डॉलर ४० सेंट होते, ते ७२५ डॉलर ४० सेंटवर आले. हॉटेलचा दुसरा हप्ता होता २,०००चा. संमेलनाचं नाव लिहीत नाही, कारण समितीतल्यांनी तसं हात जोडून सांगितलंय. मराठीत लिहितोय ते इथल्या महाराष्ट्र मंडळांच्या आणि गणेशोत्सवांच्या खजिनदारांसाठी. त्यांचीही पद्धत हीच असते: वेबसाइटवर प्रायोजकत्वाचे सुवर्ण-रौप्य असे दर, एक फॉर्म आणि खाली खजिनदाराचा उघडा ईमेल पत्ता. तो पत्ता आज काढून टाका.

जादा रकमेचा चेक पाठवायचा आणि फरक परत मागायचा, ही युक्ती आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मलाही होती. फरक परत मागितला असता तर मी तिथेच ओळखलं असतं. पण या माणसाने परत काहीच मागितलं नाही.

त्याने स्वतःला एका दिवंगत संग्राहकाच्या मालमत्तेचा वकील म्हणवलं. संग्राहकाच्या स्मरणार्थ एका पाहुण्याच्या प्रवासखर्चाचं प्रायोजकत्व, १,५०० डॉलर. शिवाय संग्रहातली ६४ मासिकं लिलावाला देणगी. मासिकं नाजूक, म्हणून ती हाताळणारा खास कुरिअर, विम्यासकट ४,३५०. उरलेले ६३० तुमच्या चहापाण्याच्या खोलीला. कोर्टाच्या नियमामुळे एकाच नावाने एकच चेक काढता येतो, तेव्हा कुरिअरचे पैसे तेवढे तुम्ही चुकते करा. एकूण ६,४८०.

आता कोणी म्हणेल, इथेच कळायला हवं होतं. या छंदात वावरलेला माणूस असं म्हणणार नाही. पल्प मासिकं बहुधा संग्राहकाच्या पश्चात बाजारात येतात. तळघरात चाळीस वर्षं खोकी पडून असतात, मुलांना त्यात रस नसतो, आणि मग बायको किंवा वकील एखाद्या संमेलनाला फोन करतात. आमच्या लिलावातला अर्धाअधिक माल असाच येतो. कागद लाकडाच्या लगद्याचा आणि आम्लयुक्त, त्यामुळे पानं तपकिरी पडतात आणि कडा बोट लागताच बिस्किटासारख्या झडतात. त्यासाठी वेगळा कुरिअर लागतो हे कोणालाही पटेल. म्हणजे थाप मारणाऱ्याने आमचा धंदा नीट अभ्यासला होता. खरं तर अर्धाच अभ्यासला होता, आणि राहिलेलं अर्धं माझ्या डोळ्यांसमोर होतं.

ती यादी. चौसष्ट ओळी, आणि सतराव्या ओळीवर ‘डॉक सॅव्हेज, फेब्रुवारी १९३३’. डॉक सॅव्हेजचा पहिला अंक मार्च १९३३चा आहे. फेब्रुवारीचा अंक जगात नाही. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. मी ती ओळ वाचली, पेन्सिलीने बाजूला प्रश्नचिन्ह काढलं आणि शेजारी लिहिलं, ‘टायपिंगची चूक? मार्च असेल तर उत्तम!’ उद्गारचिन्हासकट. पहिल्या अंकाची हाव सुटली, दुसरं काय! तो कागद अजून फाइलमध्ये आहे, फेकवत नाही.

फोटोही होता. टेबलावर एकसारखी रचलेली चळत, कडा सरळ. यादीत अमेझिंग स्टोरीजचे १९२६-२७चे सहा अंक. ते मासिक तेव्हा मोठ्या आकारात निघायचं. पल्पचा नेहमीचा आकार सात बाय दहा इंच, हे त्याहून चांगलं रुंद आणि उंच. ते अंक खरंच असते तर चळत एकसारखी दिसलीच नसती, सहा अंक बाहेर डोकावले असते. शिवाय पल्पच्या कडा बहुधा कापलेल्या नसतात, दातेरी असतात. फोटोतल्या कडा सुरीने कापल्यासारख्या. देणगीत वस्तू येणार असेल तर आजच्या तारखेची चिठ्ठी शेजारी ठेवून तीन ठरावीक अंकांचा फोटो मागा, मुखपृष्ठ आणि अनुक्रमणिका दोन्ही. खऱ्या माणसाला दहा मिनिटं लागतात. खोट्याची आजी नेमकी त्याच दिवशी आजारी पडते.

चेक आला तो कॅशिअर्स चेक. आपल्याकडच्या डिमांड ड्राफ्टसारखा, बँकेने स्वतःच काढलेला, म्हणून न वटण्याचा प्रश्नच नाही अशी समजूत. मी पडताळणी केली नाही असं नाही. चेकवर छापलेल्या नंबरला फोन केला. एका बाईंनी गोड आवाजात नंबर, तारीख, रक्कम सगळं बरोबर असल्याचं सांगितलं. सांगणारच, तो फोनही ठगांचाच होता! बँकेचा नंबर चेकवरून कधीही घेऊ नका. एफडीआयसी म्हणजे बँकांतल्या ठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था, तिच्या बँकफाइंड या यादीत बँक शोधा, तिथून तिच्या अधिकृत साइटवर जा, आणि तिथल्या नंबरला फोन करा.

चेकही काही सांगत होता. खाली चुंबकीय शाईत नऊ आकडी राउटिंग नंबर, म्हणजे बँकेचा ओळख क्रमांक, असतो. वर उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात एक अपूर्णांक छापलेला असतो, त्याच्या छेदातले आकडे त्या नऊपैकी पहिल्या चाराशी जुळले पाहिजेत (सुरुवातीचं शून्य कधी गाळतात). आमच्या चेकवर खाली एक आणि वर भलतंच. चुंबकीय शाई मंद दिसते, उजेडात धरल्यावर चमकली तर ती घरच्या प्रिंटरची. आमची आरशासारखी चमकत होती.

सोमवारी चेक काउंटरवर भरला. मंगळवारी पूर्ण ६,४८० खात्यात ‘उपलब्ध’. गुरुवारी ‘कुरिअर’च्या खात्यात ४,३५०ची वायर केली, म्हणजे बँकेतून थेट पैसे पाठवले, ३० डॉलर शुल्क. पुढच्या बुधवारी चेक बनावट ठरून परत आला, बँकेने ६,४८० काढून घेतले, वर १२ डॉलर दंड.

भारतात वाढलेल्या माणसाची इथेच दांडी उडते. आपल्याकडे साधारणपणे चेक परत येण्याची वेळ टळल्यावरच पैसे काढू देतात. खात्यात दिसले म्हणजे वटला, हे डोक्यात घट्ट. अमेरिकेत उलटं. काउंटरवर भरलेल्या कॅशिअर्स चेकचे पैसे लगेच पुढच्या कामाच्या दिवशी द्यायचे असा केंद्रीय नियमच आहे. देतात, पण चेक खरा असल्याची हमी म्हणून नाही. बनावट निघायला आठवडे लागू शकतात आणि वाजवून वसूल करतात ते तुमच्याकडून. एका दिवसात ६,७२५ डॉलरच्या वर भरणा झाला तर वरची रक्कम बँक जास्त दिवस रोखून धरू शकते, जुलै २०२५पासूनची ही मर्यादा. आता ६,४८० हा आकडा पुन्हा वाचा. मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं होतं, ‘क्लिअर झालाय ना?’ ती म्हणाली, ‘हो, पैसे आहेत.’ विचारायचा प्रश्न वेगळा होता: ‘ज्या बँकेने काढला तिने पैसे दिलेत का?’ आणि उत्तर लेखी घ्यायचं.

मग सुरू झाली वरात. आमच्या बँकेचा फसवणूक विभाग: पंचेचाळीस मिनिटं संगीत, मग ‘वायर तुम्ही स्वतः मंजूर केलीत’. ग्राहकांना संरक्षण देणारा कायदा संस्थेच्या खात्याला लागू नाही, आणि वायरला तर तो व्यक्तीसाठीही नाही. पैसे ज्या बँकेत गेले त्यांनी सांगितलं, तुम्ही आमचे ग्राहक नाही, बोलू शकत नाही. म्हणजे चोर त्यांचा ग्राहक, म्हणून गोपनीयता चोराची!

स्थानिक पोलीस म्हणाले, तुमचं हॉटेल दुसऱ्या काउंटीत आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, खजिनदार राहतो कुठे, तिकडे जा. तिसऱ्या फोनवर एकाने तक्रार उतरवून घेतली. लिलावातल्या मालाचं वर्णन म्हणून त्याने लिहिलं: ‘जुनी वर्तमानपत्रं’. टपाल खात्याच्या तपासनीसांकडे गेलो, तर फोनवरचा माणूस म्हणे पाकीट खासगी कुरिअरने आलं, टपालाने नाही, आमचं काम नाही. टपाल-फसवणुकीच्या कायद्यात १९९४पासून आंतरराज्य खासगी कुरिअरही येतो, हे मला नंतर कळलं आणि त्याला बहुधा अजून कळलेलं नाही. एफबीआयच्या आयसी३वर, म्हणजे इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्रावर, ऑनलाइन तक्रार केली. एक लांबलचक क्रमांक मिळाला आणि पुढे चिडीचूप. तक्रार तरीही तिथेच आधी करा, आणि त्याच तासाला आपल्या बँकेला वायर परत बोलावण्याची विनंती लेखी द्या, कारण जी काही आशा असते ती पहिल्या ७२ तासांत असते. आम्हाला कळलं सहाव्या दिवशी. त्यानंतर तीन आठवड्यांनी एकाने फोन केला, ‘तुमचे पैसे शोधून देतो, ४०० डॉलर शुल्क.’ तोही त्याच टोळीतला असणार. पैसे परत मिळवून देणारा आधी पैसे मागतो तिथे फोन ठेवा.

याहून वाईट एक गोष्ट आहे. २५० डॉलर किंवा जास्त देणगी असली की दात्याला करसवलतीसाठी लेखी पोच लागते. मी उत्साहाने चेक वटायच्या आधीच पाठवली: लेटरहेड, संस्थेचा कर क्रमांक, सही. महिन्याभरात दोन विक्रेत्यांना ‘आमच्या’ लेटरहेडवर टेबलाचे पैसे दुसऱ्याच खात्यात भरा असं पत्र गेलं. एकाने १७० डॉलर भरले, ते आम्हीच त्याला टेबल देऊन फेडले. आभारपत्र फुकट असतं असं समजू नका. देणगी पक्की झाल्याशिवाय ते बाहेर जाता कामा नये.

कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या मुखपृष्ठावर त्या ‘दिवंगत संग्राहका’चं नाव छापून झालं होतं, ३५० प्रती. तिघांनी रात्री बसून त्यावर पांढरे स्टिकर चिकटवले. दिव्यासमोर धरलं की नाव अजून वाचता येतं.

यंदा नियम केले. ठरल्यापेक्षा एक डॉलर जरी जास्त आला तर चेक न भरता परत. प्रायोजकाच्या वतीने तिसऱ्याला पैसे द्यायचे नाहीत, कारण कितीही करुण असो. वायरला दोन सह्या. चेकने आलेल्या प्रायोजकत्वावर तीस दिवस खर्च नाही. देणगीच्या पानावर किमान १० डॉलर, कारण रक्कम मोकळी ठेवली की चोरलेली कार्डं चालतात का हे बघायला लोक एक-एक डॉलर देतात आणि प्रत्येक उलटलेल्या व्यवहाराचे १५ डॉलर आपल्या बोकांडी बसतात.

हे नियम जुन्या दात्यांनाही पाठवले. एकाला अपमान वाटला. ‘पंचवीस वर्षं येतोय, आता माझा चेक तीस दिवस ताटकळणार?’ एवढंच त्याने लिहिलं. दरवर्षीचे ५०० या वेळी आले नाहीत.