ग्रहणाच्या फोटोतला ‘दुसरा सूर्य’: सौर फिल्म घ्यावी की काचेचा फिल्टर?

ग्रहणाच्या फोटोत कधी कधी खऱ्या सूर्याशिवाय आणखी एक फिकट, उलटा सूर्य उमटतो. तो टाळायला लेन्ससमोर कोणता सौर फिल्टर लावावा? एक पर्याय म्हणजे बाडर कंपनीची ॲस्ट्रोसोलर फिल्म, घनता ५.० (म्हणजे सूर्यप्रकाश एक लाखांश करणारी), ए४ आकार. पाकीट उघडलं की आधी निराशाच होते. फरसाणाच्या पुड्याच्या आतल्या बाजूसारखा चंदेरी, सुरकुतलेला पापुद्रा, जाडी जेमतेम १२ मायक्रॉन. शेजारी लेन्सवर फिरवून बसवायचा काचेचा सौर फिल्टर ठेवला तर तोच खानदानी वाटतो. पण फोटोतल्या चमत्कारिक आकारांचा प्रश्न आला की हा पापुद्राच बाजी मारतो, आणि तोही सुरकुत्यांमुळेच.

कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा सेन्सर लेन्समधून आलेला सगळा प्रकाश गिळत नाही. थोडा परत फिरतो, लेन्समधून उलटा बाहेर येतो, फिल्टरच्या मागच्या चकचकीत बाजूवर आपटतो आणि पुन्हा आत शिरतो. काच सपाट आणि सेन्सरला समांतर असेल तर सूर्याची दुसरी ठसठशीत प्रतिमा उमटते. फोटोच्या मध्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, अर्धा फेरा फिरलेली. ग्रहणातल्या सूर्याच्या कोरीची टोकं वर असतील तर हिची खाली. काचेचा फिल्टर आट्यांवर बसतो, त्यामुळे तो तिरका करायची सोयच नाही. फिल्म मात्र सैल असल्याने ही प्रतिमा पसरून फिकट होते. शिवाय फिल्म बसवलेली पुठ्ठ्याची चौकट तीन अंश कलवली की परावर्तन सहा अंश सरकतं. ४०० मिमी लेन्सवर फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या फोटोचा आवाका रुंदीलाही पाच अंशांच्या थोडाच वर असतो. म्हणजे नको असलेला सूर्य फोटोच्या बाहेर.

आकार खरा की परावर्तन, हे ओळखायला कॅमेरा किंचित उजवीकडे वळवा. फोटोत सूर्य डावीकडे जाईल. आकार उजवीकडे पळाला तर परावर्तन, सूर्याबरोबरच गेला तर सौरडाग, जागचा हलला नाही तर सेन्सरवरची धूळ.

फिल्मची चौकट घरीच होते. जाड पुठ्ठ्याच्या दोन कड्या, मध्ये फिल्म, डबल टेप आणि लेन्सवर घट्ट बसेल अशी पाच सेंटिमीटरची नळी. फिल्म ताणू नका. ताणली की प्रतिमा बिघडते. लेन्सवर आधीचा यूव्ही फिल्टर असेल तर काढा, तो आणखी एक आरसा. फिल्म बल्बसमोर धरून भोकं तपासा. कॅमेऱ्यापुरतं टाचणीएवढं भोक काळ्या मार्करने बुजवता येतं, डोळ्यांसाठी असा तुकडा वापरायचाच नाही. फिल्म सूर्यप्रकाश एक लाखांश करते, म्हणून नळीच्या कडेच्या बारीक फटीतून शिरलेला प्रकाशही फोटोवर धुरकट पट्टा ओढतो. सोलापूरच्या उन्हात टेपचा गोंद मऊ पडतो. बाहेरून चिकटपट्टीचा वेढा द्याच.

सुरुवात एफ/८, आयएसओ १००, १/५०० सेकंदापासून करा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पायऱ्या (स्टॉप) घ्या. परावर्तन मूळ सूर्यापेक्षा कितीतरी मंद असतं. फोटो जास्त उजळ घेतला तरच ते डोकं वर काढतं. उन्हात स्क्रीन दिसत नाही, तेव्हा डोक्यावरून सोलापुरी चादर घ्या. याहून चांगला पडदा दुकानात मिळत नाही.

फिल्मचा दोष एकच, पण मोठा: नाजूकपणा. बोटाचे ठसे पुसायला गेलात तर लेप खरवडतो. त्याच कंपनीची ३.८ घनतेची फिल्मही मिळते. ती फक्त फोटोसाठी आहे, चुकूनही डोळ्यांना लावू नका. वेल्डिंगची १४ नंबरची काच स्वस्त, पण सूर्य हिरवा आणि बऱ्याचदा दुहेरी दिसतो. फोटोसाठी नकोच.

मोबाइलचं गणित निराळं. फिल्टरविना काढलेल्या फोटोत ग्रहण लागलेला सूर्यही पांढरा गोळाच दिसतो, आणि कोपऱ्यात हिरवट-निळसर चिमुकली कोर, तीही परावर्तनच. व्हॉट्सॲपवर तिला उडती तबकडी ठरवतात. गंमत अशी की भाजून निघालेल्या गोळ्यापेक्षा ग्रहणाचा खरा आकार तीच दाखवते, फक्त उलटा.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर सोलापुरातून खंडग्रास ग्रहण आहे. ढग हटले तर सिद्धेश्वर तलावाच्या पूर्वेकडच्या काठावरून सूर्य समोर येईल. फिल्टरमधून मंदिर मात्र काळं ठिक्कर दिसेल. त्याचा फोटो सूर्य मावळल्यावर वेगळा घ्या. फिल्म आधीच आणून चौकट करून ठेवा, काचेच्या फिल्टरचे पैसे वाचवा.