दरमहा एक मूल, की थेट घरात रोख?

भाचा टोरांटोला स्थिरावला. आता दरमहा चाळीस डॉलर आफ्रिकेतल्या एखाद्या गरीब घरासाठी बाजूला काढायचे म्हणतोय. मामा युगांडात राहून आलेला, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. फोनवर त्याला तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं ते इथे एकत्र लिहितो. बडोद्यात आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांतून कोणी ना कोणी बाहेर आहे, तेव्हा हा प्रश्न इतरांनाही पडत असणार.

मी बँक ऑफ बडोदाचा माणूस. बँकेने १९५३ सालीच मोंबासा आणि युगांडातल्या कंपालाला शाखा उघडल्या, त्यामुळे दांडिया बाजारातल्या आमच्या घरी कंपालाच्या बदलीचं फारसं कौतुक झालं नाही. आई एवढंच म्हणाली, तिथे तूरडाळ मिळते का बघ. (मिळते.) नोकरीतली शेवटची काही वर्षं इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे शाखांची तपासणी करण्यात गेली, आणि तो चष्मा निवृत्तीनंतरही उतरलेला नाही. खालचं वाचताना हे लक्षात असू द्या.

भाच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, मूल 'दत्तक' घेण्याची: दरमहा ठराविक रक्कम, एका मुलाचा फोटो, वर्षातून दोन-तीन पत्रं. दुसरी, गिव्ह डायरेक्टलीसारख्या संस्थेची: गरीब घर निवडायचं, त्यांच्या मोबाइलवर पैसे टाकायचे, पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांनी ठरवायचं. दोन्हींची माहितीपत्रकं त्याने वाचलेली आहेत, ती परत सांगत नाही.

आधी पहिल्या वाटेच्या बाजूने बोलतो, कारण शेवटी मी तिच्याविरुद्ध बोलणार आहे. मूल दत्तक घेण्याने काहीच होत नाही, असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही. कम्पॅशन इंटरनॅशनल या मूल 'दत्तक' देणाऱ्या संस्थेच्या मुलांवर सहा देशांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता आणि युगांडाही. मदत मिळालेली मुलं इतरांपेक्षा साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकली, असं त्यात दिसलं. ज्या घरात सातवी म्हणजे शेवट, तिथे दीड वर्ष थोडं नव्हे. ही तीच संस्था जिला २०१७ मध्ये एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या, परवानगीवरून भारतातलं काम बंद करावं लागलं. तेव्हा इथली जवळजवळ दीड लाख मुलं तिच्या यादीत होती. देणाऱ्याचा शब्द कितीही पक्का असला तरी सरकारी परवानगी त्याच्या हातात नसते, हाही मुद्दा भाच्याने ध्यानात ठेवावा.

आता माझी गोष्ट. कंपालात असताना एका मोठ्या संस्थेतर्फे आम्ही एका मुलीसाठी पैसे द्यायला लागलो. नाव मुद्दाम देत नाही. बायकोला पत्रांचं अप्रूप. निळ्या बॉलपेनने लिहिलेलं अर्धं पान, खाली शेळीचं चित्र. परत आल्यावरही पत्रं रावपुऱ्याच्या पोस्टातून येत राहिली. तुमच्याकडे पाऊस आहे का, असं त्या मुलीने चार पत्रांत चार वेळा विचारलं, आणि आम्ही चारही वेळा कौतुकाने सूरसागर तलाव भरल्याचं लिहिलं.

मला मात्र एक साधी गोष्ट हवी होती. युगांडात शाळेची फी भरली म्हणजे काम झालं, असं नसतं. टर्मच्या सुरुवातीला शाळा एक यादी देते: झाडू, टॉयलेट पेपरचे रोल, कागदाचं रीम, वह्या. आमच्या बिल्डिंगचा अस्कारी, म्हणजे रखवालदार, दर टर्मला ती यादी खिशात घेऊन फिरायचा आणि उचल मागायचा. यादीतलं सामान नसेल तर मुलाला दारातून परत पाठवतात, असं तो सांगे. म्हणून मी संस्थेला लिहिलं की या यादीचा खर्च तुम्ही करता, की तिची आई करते?

उत्तरादाखल नव्या गणवेशातल्या मुलीचा फोटो आला.

मी पुन्हा लिहिलं. या वेळी नाताळचं कार्ड आलं. तिसऱ्यांदा लिहिलं, तेव्हा माझ्या उदार सहकार्याबद्दल आभार आले. खोटं कोणी बोललं नाही. पण बँकेत एखाद्या शाखेला मी व्हाउचर मागितलं असतं आणि मॅनेजरने मला स्टाफच्या सहलीचा फोटो दाखवला असता, तर त्या रात्री मी मुक्काम वाढवला असता.

पुढे वर्षभराने पत्र आलं: कुटुंब गाव सोडून गेलं, आम्ही तुमच्यासाठी आता एक मुलगा निवडला आहे. सोबत त्याचा फोटो. कुटुंब गेल्याची तारीख पाहिली तर आठ महिन्यांपूर्वीची. मग त्या आठ हप्त्यांचं काय? ते 'समाजाच्या विकासासाठी' वापरले गेले, असं उत्तर मिळालं. तेव्हा कुठे मी बारीक अक्षरातला मजकूर नीट वाचला. पैसे त्या एका मुलीला जातच नव्हते, गावाच्या सामायिक खात्यात जात होते, आणि मुलगी त्या गावाची प्रतिनिधी. अशा बऱ्याच संस्थांत हीच पद्धत आहे, आणि पद्धत म्हणून ती वाईटही नाही. विहिरीचा फायदा सगळ्यांना होतो. पण मग नोंदीसमोर एका मुलीचं नाव कशाला लिहायचं? रक्कम बरोबर आणि नॅरेशन, म्हणजे नोंदीचा तपशील, चुकीचं, हा प्रकार आम्ही बँकेत कधी चालू दिला नाही.

हे काही माझ्याच नशिबी आलं नाही. १९९८ मध्ये शिकागो ट्रिब्यूनच्या लोकांनी स्वतः मुलं 'दत्तक' घेऊन शोध घेतला होता. मालीतली एक मुलगी वारलेली असतानाही तिच्या नावावर पैसे घेतले जात होते. किवा या छोटी कर्जं देणाऱ्या वेबसाइटचंही तसंच. तिथे तुम्ही फोटो बघून एखाद्या शिंपिणीला कर्ज देता. पण ते कर्ज बहुतेक वेळा स्थानिक संस्थेने तिला आधीच दिलेलं असतं, तुमचे पैसे मागाहून त्या संस्थेकडे जातात. हे २००९ मध्ये डेव्हिड रूडमन या अभ्यासकाने दाखवून दिलं, आणि किवाने आपली भाषा बदलली. बदलली, हे त्यांच्या बाजूने धरतो.

रोख देणाऱ्यांबद्दल माझं पहिलं मत चांगलं नव्हतं. फुकटचा पैसा दारूत जाईल, असं आपल्याकडे कोणीही म्हणेल, मीही म्हणालो. पण कंपालात मोबाइल मनीच्या पिवळ्या टपऱ्यांवर मी रोज लोक बघत होतो. शंभर वेळा मोजून, घडी घालून, ब्लाउजमध्ये खोचून पैसे नेणाऱ्या बायका. २०१८ मध्ये सरकारने मोबाइल मनीवर एक टक्का कर लावला, तेव्हा त्या टपऱ्यांवर जो आरडाओरडा झाला त्यावरून कळलं की एकेका शिलिंगाचा हिशोब त्यांच्याकडे आमच्याहून चोख आहे. शेजारच्या केनियात दहा हजारांहून अधिक घरांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर देऊन मोठा अभ्यास झालेला आहे. पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचीही त्यात मिळकत वाढली होती, दुकानं चालली म्हणून.

खरं तर माझा कौल या अभ्यासाने नाही, एका चोरीने ठरला. काँगोत २०२२ मध्ये गिव्ह डायरेक्टलीच्या स्वतःच्याच कर्मचाऱ्यांनी सुमारे नऊ लाख डॉलर लंपास केले. सतराशेहून अधिक कुटुंबांचे पैसे होते ते. लाभार्थ्याने स्वतःचं सिमकार्ड स्वतः नोंदवायचं हा नेहमीचा नियम, अशांत भाग म्हणून तिथे शिथिल केला होता आणि ते काम कर्मचाऱ्यांकडे दिलं होतं. बँकेतला कोणताही शिपाई सांगेल की मेकर आणि चेकर, म्हणजे नोंद करणारा आणि ती तपासणारा, एक झाले की काय होतं. पण संस्थेने २०२३ मध्ये हे स्वतः जाहीर केलं: रक्कम, कुटुंबं, कुठला नियम मोडला, सगळं. इन्स्पेक्शनमध्ये मला अशा शाखा नेहमी बऱ्या वाटत, ज्या चूक स्वतः दाखवत. फाइल अगदी कोरी करकरीत असली की मी खुर्ची ओढून बसायचो.

याचीही खोट सांगतो. पैसे जातात ते घर तुम्हाला कळत नाही. शेळीचं चित्र येत नाही. बायकोला हे अजिबात पसंत नाही, आणि मला तिचं पूर्णपणे चूक वाटत नाही. शिवाय एकाच घरात पाच-सात वर्षं लक्ष घालणारं कोणी नसतं. मूल आठवीत गळतंय हे रोख रकमेला कळत नाही.

प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीत भाच्याने अडकू नये. आपल्याकडे २०२० मध्ये एफसीआरएखाली या खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. मर्यादा आली की खर्च दुसऱ्या शीर्षकाखाली जातो, हे चोपडे लिहिणाऱ्या कोणालाही विचारा. आणि ऑडिटरचा पगार हाही त्याच खर्चात मोडतो. त्यापेक्षा कॅनडातल्या संस्थेचं वार्षिक विवरण सरकारी वेबसाइटवर बघावं, अमेरिकेतल्या संस्थेचा फॉर्म ९९०, म्हणजे तिथलं वार्षिक विवरण, बघावा. कॅनडात नोंदलेल्या संस्थेच्या पावतीवर त्याला करसवलत मिळेल. मी इथून पाठवतो त्याला ८०जीची करसवलत लागू नाही, आणि परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म बँकेत भरावा लागतो तो वेगळाच. म्हणून मी वर्षातून एकदाच पाठवतो.

तर भाच्या, मी असतो तर चाळीसातले तीस रोख देणाऱ्यांकडे वळवले असते. उरलेले दहा, तुझ्या मामीखातर, पत्रांच्या वाटेला सोडतो. तो बदली मुलगा आम्ही सोडला नाही, त्याची सातवीची परीक्षा होईपर्यंत पैसे देत राहिलो. झाडू कोण आणतं ते मी त्यालाच पत्रातून विचारलं होतं. त्याने लिहिलं, आजी बांधते, गवताचा.