राजवाड्यामागचं जुन्या रेकॉर्डींचं दुकान, कंट्री म्युझिकवाल्यांनी जायलाच हवं

इंदूरात अमेरिकन कंट्री म्युझिकच्या एलपी मिळतील असं मला खरंच वाटलं नव्हतं, पण राजवाड्यामागच्या गल्लीतल्या या दुकानात वरच्या फळीवर मला गायक चार्ली प्राइडची एक रेकॉर्ड सापडली आणि मी तिथंच स्टुलावर बसलो. दुकानातल्या काकांनी रेकॉर्ड कडेनं धरली, ट्यूबलाइटखाली तिरकी केली, मलमलच्या फडक्यानं पुसली आणि मगच लावून दाखवली, घाई अजिबात नाही.

चार्ली प्राइड म्हणजे 1971 चा सीएमएचा, म्हणजे कंट्री म्युझिक असोसिएशनचा, एंटरटेनर ऑफ द इयर, हा मान मिळालेला पहिला कृष्णवर्णीय कलाकार, आणि पुढच्याच वर्षी गायिका लोरेटा लिन, हा मान मिळालेली पहिली बाई. ही असोसिएशन निघाली 1958 ला, रॉक अँड रोलच्या लाटेत रेडिओवर कंट्री मागं पडायला लागलं होतं म्हणून. 1961 ला त्यांनी हॉल ऑफ फेम सुरू केलं, अवॉर्ड मात्र 1967 पासून, पहिला एंटरटेनर एडी अर्नोल्ड, आणि 68 पासून तो सोहळा टीव्हीवर. म्हणजे आधी नऊ वर्षं नुसतं रेडिओवाल्यांना पटवत बसले, मला त्यांचं हेच फार आवडतं.

घरी आल्यावर दुसरी बाजू एका जागी अडकायला लागली. परत नेली तर काका काही न बोलता बदलून द्यायला तयार, पण दुसरी कॉपीच नव्हती, मग 450 मधले 200 परत दिले. रेकॉर्ड मी ठेवली. लोरेटा आली तर फोन करतो म्हणालेत. दुपारी जा, संध्याकाळी सराफ्याच्या गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही.