पावडर तळाला, युरिया वर : डीसीडीचा पाच महिन्यांचा अनुभव

डीसीडी म्हणजे युरियापासून मातीत होणारं अमोनियम लगेच नायट्रेट होऊ नये म्हणून टाकायची पावडर. एप्रिलमध्ये याच पावडरीला पाच तारे देऊन मोकळा झालो होतो. आज दोन काढून घेतोय, त्यातला एक निव्वळ घमेल्यापायी.

पावडर युरियाला चिकटतच नाही. पाकिटावर म्हणे ‘एकजीव करून टाका’. युरियाचे दाणे गुळगुळीत, ही पिठासारखी, एकजीव व्हायची कशी? घमेलं घेऊन चार सऱ्या चाललं की पावडर तळाला. पहिल्या सऱ्यांना नुसता युरिया, शेवटच्या सरीत पांढरा सडा. दुकानदाराला फोन लावला, तर म्हणतो, “थोडं पाणी मारा.” युरियाला पाणी! नुसता पाक झाला. आमचे आबा निंबोळी पेंड युरियाला चिकटवायला डांबर आणि रॉकेल वापरायचे. त्यांना जे जमलं ते या चकचकीत पाकिटवाल्यांना जमू नये? पाकीट परत घ्या म्हटलं, तर “फोडलंय, आता काय उपेग न्हाई.”

असो. शिरोळकडं आमची मळीची (नदीकाठच्या गाळाची) काळी जमीन, मेव्हण्यांचा राधानगरीकडं तांबडा माळ. दोन्हीकडं सुरू (हिवाळ्याच्या शेवटी लावलेला) ऊस, ८६०३२ जातीचा. निम्म्या रानात पावडर, निम्म्यात नाही. सुरूला हेक्टरी २५० किलो नत्र, म्हणजे एकरी ४५ किलोची जवळजवळ पाच पोती, २६६.५० च्या भावानं तेराशे बत्तीस रुपये. त्यावर पावडरीला आणखी दोन पोत्यांचे पैसे. आणि २०१५ पासून सगळा युरिया निमकोटेडच मिळतो, म्हणजे नायट्रेट होणं थोडंफार लांबवायचं औषध सरकारनं आधीच पोत्यात घातलंय. माझा खर्च त्याच्याही वरचा.

माझा अंदाज होता की फायदा माळाला होणार. तिथं चिकणमाती कमी, नायट्रेट पाण्याबरोबर मुळांखाली निघून जातो. मार्चच्या हप्त्यानंतर पावडरीकडचा ऊस खरंच काळपट हिरवा दिसला, त्याच जोशात पाच तारे दिले. मग मे महिन्यात वळीव असे झोडपून गेले की जूनमध्ये दोन्ही बाजू सारख्याच. नंतर डोक्यात प्रकाश पडला : डीसीडी स्वतःच पाण्यात विरघळते. अमोनियम मातीला धरून वर, राखणदार मात्र पावसाबरोबर खाली. शिवाय तापलेल्या मातीत ती लवकर कुजते, आणि आपला एप्रिल-मे तर सांगायलाच नको.

काळ्या रानात उलटं झालं. मार्चात तिथं खत वरच फेकलं होतं, पुढचे काही दिवस पावडरीच्या बाजूला नाकात झणका. आमच्या मातीचा सामू (पीएच) आठच्या वर. अमोनियम जास्त दिवस तसंच राहिलं, तेही उघड्यावर, म्हणजे अमोनिया हवेत जाणारच. तेव्हा पावडरीला शिव्या घातल्या, चूक माझी होती. मोठ्या बांधणीचा (उसाला मातीची भर देतानाचा) हप्ता मातीआड केला. जूनच्या शेवटी आठवडाभर सरीत पाणी तुंबलं. अशा वेळी नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. पाणी हटल्यावर साधी बाजू पिवळी पडली, पावडरीची हिरवीच. शेजारच्या रानातले काका बांधावर थांबून विचारून गेले, “काय टाकलंयस रं?”

म्हणून तिसरा तारा ठेवला. टनेजचं मात्र आत्ताच बोलत नाही, रंगावर कारखाना पैसे देत नाही. तोडीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या मोळ्या वेगळ्या ठेवायला टोळी तयार झाली तर वजन कळवीन.

पुढच्या वर्षी माळाला पावडर नाही; तिथं युरियाचे हप्ते वाढवायचे आणि सहा भाग युरियाला एक भाग निंबोळी पेंड. मळीत फक्त बांधणीला पावडर, तीही घमेल्यातून नाही. सरीत आधी युरिया, मागून बायको हातानं पावडर टाकणार, लगेच माती. तिनं मजुरी मागितलीय, ती या हिशेबात धरलेली नाही.